खिडकीवरचं बारसं

अक्का गेल्याचा फोन मंठ्याहून आला तेव्हा मी भोकरदनला शाळेत तास घेत होतो. माझी थोरली बहीण. तेराव्यापर्यंत स्वतःचाच राग येत होता, अजून येतो.

नव्वदीच्या सुरुवातीची, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि जालन्याच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत गेली. अशा बाळांच्या औषधपाण्याला सरकारी मदत मिळते, हे अक्कानंच कुठून तरी शोधून काढलं. आम्ही नवराबायको दवाखान्यात अडकलेलो, म्हणून कचेरीच्या चकरा तिच्या वाट्याला आल्या. एकदा शिक्का नाही, एकदा साहेब दौऱ्यावर. शेवटी खिडकीवरचा कारकून म्हणाला, अर्जात बाळाचं नाव हवं, नुसतं 'बाळ' चालत नाही. नाव आणायचं कुठून? माझ्या आईचा हट्ट होता, नऊ महिने भरेपर्यंत अपुऱ्या दिवसांच्या लेकराचं नाव ठेवायचं नाही, ठेवलं तर ते टिकत नाही. कारकुनाला रीत कळेना, आईला अर्ज कळेना, आणि मधल्यामध्ये पेटीतला जीव.

"लिवा, वैशाली," अक्का म्हणाली. "आत्या हाय मी. नाव ठिवायचा मान माझाच हाय."

लेकीचं नाव असं तिच्या कानाआधी कारकुनाच्या कानात गेलं. त्याच आठवड्यात तिला धाप लागली आणि आईनं सगळं अक्काच्या माथी मारलं. मूल वाचलं, घरी आलं, तरी आईचा राग उतरला नाही. बारशाला नाव ठेवायला तिनं माझ्या चुलत बहिणीला बोलावलं, अक्काला नाही. नाव मात्र वैशालीच ठेवलं, कारण कागद बदलले तर मदत अडकली असती! मी पाळण्याची दोरी धरून गप्प उभा होतो. आणि ती मदत? मंजूर होऊन आली तेव्हा लेक घरभर रांगत होती.

अक्का नंतरही यायची, हसायची, विषय काढायची नाही.

परवा वैशालीला घेऊन मंठ्याला गेलो, अक्काची ट्रंक उघडली. लुगड्यांखाली टोपडं निघालं, मोसंबीएवढं, कडेनं मणी लावलेले. बारशाला आत्या नेते, तसलं. वैशाली यंदा दहावीला आहे. तिनं विचारलं, एवढं बारकं कुणाचं? मग मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. आजीनं आत्याला बोलावलं नव्हतं, हेही.

तिनं टोपडं मुठीवर चढवलं.

"आजीनं न्हाई बोलावलं," ती म्हणाली. "मंग तुम्ही का न्हाई गेल्ते आणायला?"