दोघांत एक औषध

"गेले रं तुजे मामा... डॉक्टरांनी झोपून ऱ्हावा म्हणलेलं, मेंढरामागं गेले!" मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात माझ्या औषधाच्या दुकानात होतो. ती रडत होती आणि चिडलीही होती. मला रडता रडता हसू आलं. महिना होत आला, अजून तसंच होतं.

बिराजीमामा मंठाळ गावचे. शेती करत, पण घराण्यातली मेंढरं आणि दोन शेळ्या त्यांनी सोडल्या नाहीत. शेळीखाली तांब्या धरायचा आणि फेसासकट दूध तिथंच प्यायचं. तापवलेलं दूध आजाऱ्यांनी प्यावं, असं त्यांचं ठाम मत. त्या कच्च्या दुधापायीच एका वर्षी दोघा नवरा-बायकोला ताप जडला. जायचा, पुन्हा यायचा, सांधे ठणकायचे. डॉक्टरकडे मामा एकटेच गेले आणि सहा आठवड्यांची दोन अँटिबायोटिक्स, एक पिवळी गोळी आणि एक लाल, घेऊन आले.

मी सुट्टीवर गेलो तेव्हा मामांनी मला सगळं समजावून सांगितलं. "ह्या पिवळीचं लई नखरं. उन्हात जायचं न्हाई, कातडं भाजतंय. संगं दूध न्हाई, पाणी पोटभर, आन् गिळून लगीच आडवं व्हायचं न्हाई. लालीचं तसं न्हाई, लघवी तेवढी केशरी होती. मी उन्हात हिंडणारा, म्हणून लाल मला. पिवळी हिला."

"आन् खुरपायला काय सावलीत जाते मी?" मामी आतून कडाडली.

दोन औषधांच्या दुष्परिणामांची इतकी नीट तुलना मी दुकानातही कधी ऐकली नाही. चूक एवढीच, की दोन्ही औषधं एकाच माणसानं घ्यायची होती. इथं मामी डोक्यावरून पदर ओढून, नाक लाल करून खुरपत होती आणि लालीनं डोळ्यांचं पाणीही केशरी होत असल्यानं मामांचं डोळे पुसायचं उपरणं केशरी झालं होतं. ताप मात्र दोघांचाही तसाच.

मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "कामून केलात असं?"

"हिला बी ताप हाय," मामा म्हणाले. "मी एकटा कसं खाऊ?"

डॉक्टरांनी मामीला तपासलं आणि तिलाही तीच दोन्ही औषधं वेगळी लिहून दिली. दोघं खडखडीत बरी झाली. पुढं मामा तापवलेलं दूध प्यायचे, पण तोंड वाकडं करून.

परवा मंठाळला गेलो होतो. मामीला आता रक्तदाबाची एक आणि गुडघ्याची एक, अशा सकाळी दोन गोळ्या असतात. तिनं त्या तळहातावर घेऊन मला दाखवल्या.

"बघ," ती म्हणाली, "आता दोन्ही मलाच खाव्या लागायल्यात."