बाबांचा खडीचा घाट

मी सायकल चालवते ती खडीवर. डांबरी रस्त्यावरून काय, कोणीही जातं. इथे जपानमध्येही आल्प्स नावाचे डोंगर आहेत; त्यांत लाकडाच्या गाड्यांसाठी जंगलातून पाडलेले कच्चे रस्ते आहेत, त्यांना रिंदो म्हणतात. जाड टायरची सायकल घेऊन सुट्टीत त्या रस्त्यांवर भटकायचं हे माझं जुनं व्यसन आहे. ओसाकात आठवडाभर प्रयोगशाळेत मान मोडून काम करणाऱ्या बाईला एवढं माफ असावं. नवरा जपानी, आणि त्याला डोंगर खिडकीतूनच बरे वाटतात, म्हणून मी एरवी एकटीच जाते. मागच्या ऑक्टोबरात मात्र बरोबर बाबा होते.

बाबा पंचाहत्तरीला टेकलेले. आई गेल्यापासून पुण्यात एकटे. मी ठरवूनच टाकलं होतं की आता त्यांनी आमच्याकडे राहायचं. खोली रिकामी केली, जवळच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं, व्हिसाचं काय ते मी बघून घेणार होते. त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या गुरुवारचं होतं आणि ते रद्द करायला मी टपून बसले होते. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मी पिच्छा सोडत नाही म्हटल्यावर म्हणाले, तुझा तो डोंगर एकदा होऊ दे, मग सांगतो.

आता बाबा आणि वीज याबद्दल सांगायलाच हवं. आमच्या घरी संडासाची सीट गरम होते, जपानात सगळीकडेच होते. बाबा आले त्या दिवसापासून तिचा प्लग काढायला लागले. नुसतं बसायला वीज कशाला, म्हणे. मी लावायची, ते काढायचे. नवरा बिचारा पहाटे गारेगार सीटवर बसून कुडकुडत बाहेर यायचा. जाता-येता दिवे बंद करणं, गिझर बंद करणं, हे तर चालूच. पुढे लागलं तर असावं, हे त्यांचं उत्तर. मग ते विजेबद्दल असो, सुतळीबद्दल असो, नाहीतर धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल.

इथे ट्रेनमध्ये सायकल उघडी नेता येत नाही. चाकं काढायची आणि सगळी पिशवीत घालायची, टायरसुद्धा दिसता कामा नये. ओसाकाच्या स्टेशनबाहेर मी चाकाशी झटत होते तर बाबांनी मला बाजूला केलं आणि दोन मिनिटांत चाक हातात दिलं. नोकरीभर सायकलनेच गेलेला माणूस तो. पिशवीची चेन लावताना म्हणाले, एवढं झाकायचं काय, सायकल आहे की नवी नवरी?

डोंगराच्या पायथ्याशी, मात्सुमोतो शहराच्या पुढे, तळ्याकाठच्या दुकानातून त्यांच्यासाठी मी बॅटरीवाली सायकल भाड्याने घेतली. पायडल मारायचंच, पण चढावर मोटर जोर लावते. दुकानातल्या बाईंनी ती चालू करून दिली, बटण दाखवलं, अस्वलं लांब राहावीत म्हणून हँडलला घंटा बांधली. मी पुन्हा सगळं मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, कळलं गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

निघालो. मी पुढे, ते मागे. पिवळ्या पडलेल्या झाडांमधून रस्ता वर चढत होता, खडी टायरखाली करकरत होती. वळणावर थांबून मी कान द्यायचे. घंटा वाजतेय म्हणजे बाबा येतायत. येत होते, पण अगदी रमतगमत. एकदोनदा खाली उतरून सायकल ढकलताना दिसले. मी म्हटलं झाडं बघत असतील, मोटर आहे, आपल्याला काय काळजी. माझाच घाम निथळत होता.

माथ्यावर पोचले तेव्हा समोर बर्फाची पहिली रेघ ओढलेली शिखरं होती. त्यांच्याकडे पाठ करून मी भाषणाची तयारी केली. बाबा आले, लालबुंद, शर्ट ओला. दगडावर बसले आणि बराच वेळ नुसते हसले. कोन्बिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेला भाताचा गोळा मी त्यांच्या हातात दिला आणि सुरुवात केली. बघितलंत ना, म्हटलं, मदत असली की कसं सोपं होतं? एकट्याने झालं असतं का हे? तिकडे एकट्याने ओढत बसण्यापेक्षा इथे आम्ही आहोत.

ते खात राहिले. बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या हँडलकडे गेलं. तिथला बॅटरी दाखवणारा छोटा पडदा काळा होता. वाटलं बॅटरी वाटेतच मेली. धावत जाऊन बटण दाबलं. पडदा उजळला, पाचच्या पाच रेघा भरलेल्या.

बाबांनी ती तळ्यापाशीच बंद केली होती. चढावर संपली आणि पुढे गरज पडली तर काय करायचं, म्हणून.

मी इतकी चिडले की विचारू नका. सोसत होतं का, काही झालं असतं म्हणजे, अंगात एवढा हट्ट कशाला! बाबांनी हातावरचं शीत खाल्लं आणि शांतपणे म्हणाले, "अगं, थकलो तिथे उतरून चाललो. लागली असती तर दाबलं असतं. बटण कुठे आहे ते मला माहीत आहे."

मग म्हणाले, "तुझ्याकडे यायचं झालं तर तेही बटण मला माहीत आहे. सध्या मला माझ्या घरी जाऊ दे."

भाषण माझ्याकडे अजून अर्धं शिल्लक होतं. पण ज्या माणसाने ते धूड नुसत्या पायांनी इथवर आणलं, त्याला सोसणार नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार? मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी रुमाल दिला, तोही घामाने ओला.

गुरुवारी मी त्यांना विमानात बसवलं. सीटचा प्लग परत लागला तो कायमचा. नवरा पहाटे संडासातून जरा उशिराच बाहेर यायला लागला. मला घर मोठं वाटायला लागलं. फोनवर मी दर वेळी विचारायचे, काही हवंय का? नाही म्हणायचे. मी ऐकून घ्यायला शिकले, आणि ते माझ्या स्वभावात बसत नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी प्रयोगशाळेत असताना त्यांचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा खणखणीत. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, म्हणाले, नंतर काही दिवस डोळ्यात औषध घालायला कोणीतरी लागेल.

"बटण दाबतोय," म्हणाले. "ये."

मी तिथेच उभ्या उभ्या तिकीट काढलं.