सातवा ऑटो

कुमुदताई गेल्याचा फोन तिच्या लेकीनं, अनघानं केला. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलून ती रडायला लागली. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? जाताना ताई हिला काही सांगून तर गेली नाही? लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझा स्वभावच संशयी. भाजीवाल्याच्या काट्यापासून घरच्यांच्या हसण्यापर्यंत मला सगळ्यात काहीतरी दिसतं.

जबलपूरच्या एका लहानशा हिंदी शाळेत आम्ही दोघीच मराठी. चौथी 'अ' तिच्याकडे, 'ब' माझ्याकडे. भागाकार मी फळ्यावर शिकवायची; भागफल इथे, शेषफल म्हणजे बाकी तिथे, पाढे पाठ. ती वर्गच मैदानात न्यायची. चार-चारचे गट करा म्हणायची, आणि गटात न बसलेली पोरं तिचा पदर धरून उभी राहायची. मग ती विचारायची, "अब इनका क्या करें?" पोळ्या उरल्या तर तुकडे करायचे, बटणं उरली तर डबीत ठेवायची, पण पोरं उरली तर... त्यावर दहा मिनिटं भांडण. मला वर्गाच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. वाटायचं, ही शिकवते कधी? आणि न शिकवता हिच्या वर्गाला मार्क मिळतात कुठून?

त्या वर्षी वार्षिक परीक्षेचा पेपर मी काढला होता. सव्वीस मुलं सहलीला निघाली, एका ऑटोत चार बसतात, तर किती ऑटो लागतील? माझं उत्तर, भागफल सहा, शेषफल दोन. आमच्याकडे एकमेकींच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासायची पद्धत होती. 'अ'चा गठ्ठा उघडला, तर एकजात सगळ्यांचं सात! एखाद्याचं चुकलं तर समजू शकते, पण अख्ख्या वर्गाची एकच चूक? मी ठरवूनच टाकलं की हिनं पेपर फोडला, आणि घाईत उत्तरही चुकीचं सांगितलं. ताईला विचारायचं सोडून मी थेट मोठ्या मॅडमना सही न करता चिठ्ठी दिली. वर, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती.

चौकशी झाली. ताईच्या वर्गात कुंडम गावाहून मामाकडे शिकायला आलेली एक मुलगी होती. मॅडमनी तिला विचारलं, सात कसे? मी तिथेच उभी होते. ती म्हणाली, "मैडम, दो बच्चों को रोड पे थोड़ी छोड़ देंगे." पेपर काढणारी मी, आणि दोन पोरं मागे राहतात हे मला दिसलंच नव्हतं. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. मॅडमनी माझंच उत्तर प्रमाण धरलं आणि ताईची चौथी काढून तिला नर्सरी दिली. रिटायर होईपर्यंत तिला चौथी परत मिळाली नाही.

तरी दर रविवारी ती मला मदन महल भागातल्या तिच्या घरी चहाला बोलवायची. एखादा रविवार चुकला की म्हणायची, "काहून आली नाहीस? वाट पाहून राहिली होती मी." झालं! विजय नगरला घरी पोचेपर्यंत मी त्या वाक्याचा कीस पाडायची. हिला कळलंय का? माझ्याकडून वदवून घ्यायचंय का? चिवडा जास्त वाढला तरी संशय, कमी वाढला तरी संशय. एकदा ती सहज म्हणाली, "नर्सरीची पोरं मोठी गोड आहेत गं." हा टोमणा की काय, आठवडाभर माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी अनघाला भेटायला गेले. चहा झाल्यावर धीर करून विचारलं, "आई काही बोलली होती का... माझ्याबद्दल?"

"चिठ्ठीबद्दल का?" अनघा कप उचलता उचलता म्हणाली. "मॅडमनी दाखवली होती तिला. नाव नसलं म्हणून काय झालं मावशी, तुमचं अक्षर ओळखत नव्हती का ती?"

"मग बोलली काहून नाही इतकी वर्षं?"

"मी पण विचारलं होतं. तर म्हणे, मला माहीत आहे हे तिला समजलं, तर ती यायची बंद होईल."

मला रडू आवरेना... अनघानं पाणी आणून दिलं. खिडकीशी ताईची वेताची खुर्ची होती, तिच्यावर अजून तिची शाल. "बसा ना मावशी," अनघा म्हणाली. मी उभीच राहिले.