एकसष्ट घरांचं बोलावणं

स्फॅक्स या अरबी बंदराच्या जुन्या तटाच्या आत लग्नाच्या पत्रिका छापतात हल्ली. छापोत बिचारे. पण नुसती पत्रिका हातात पडली म्हणून लग्नाला जाईल अशी बाई त्या गावात अजून जन्माला यायची आहे. दारात येऊन तोंडाने बोलावलं तर ते बोलावणं, आणि एखादं घर चुकून राहिलं की दोन पिढ्या अबोला. हे बोलावण्याचं काम चाळीस वर्षं मन्नुबियाकडे होतं.

बाई बहात्तरची, वाळलेली, अंगभर गुंडाळलेल्या पांढऱ्या सफसारीचं टोक दातांत धरून चालायची. वाचता येत नव्हतं. खाली बसवून विचारलंत, "कुणाकुणाला बोलवायचं?" तर पाच नावं सांगता येणार नाहीत. पण बाब दिवानच्या वेशीतून आत शिरली की पायच बोलायला लागायचे. उजवीकडे वळलं की कम्मूनांचं घर, बोळाच्या तोंडाशी सेल्लमींचं, विहिरीमागे त्या दोघी जावा, एकमेकींशी न बोलणाऱ्या, त्यांना वेगवेगळं बोलावायचं. मन्नुबियाचा नवरा गेलेला, मुलगा परदेशी. दिवसाकाठी चार दारं उघडून "ये गं" म्हणत, एवढ्यावर तिचं चाललेलं होतं.

आता मात्र ती विसरायला लागली होती. वसंतातल्या एका लग्नात एक घर राहून गेलं आणि ते गावभर झालं. त्यामुळे गावातल्या रशीदाच्या मधल्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा रशीदाने आपली थोरली, नाजिहा मास्तरीण, यादी देऊन मन्नुबियाबरोबर पाठवली. वर ओट्यावरूनच लेकीला सांगितलं, "एक जरी घर चुकलं तरी मला येऊन सांग. धाकटीच्या लग्नाला दुसरी बाई बघू." मन्नुबियाचे कान अजून शाबूत होते. तिने सफसारीचं टोक दातांत धरलं.

दोघी निघाल्या. पहिल्या तासात वीस घरं झाली. नाजिहा प्रत्येक दारापाशी यादीवर खूण करायची आणि मन्नुबिया त्या कागदाकडे सवतीकडे बघावं तसं बघायची.

सेल्लमींच्या म्हातारीने दार उघडलं. "अजून आहेस होय गं तू?"

"तुझ्या नातीच्या लग्नाचं बोलावणं करायचंय ना. ते झाल्याशिवाय कशी जाऊ?"

"मग राहा बाई. नात आठ वर्षांची आहे." दोघी दारातच हसत बसल्या, शेवटी नाजिहाला मन्नुबियाचा हात धरून तिला ओढून न्यावं लागलं.

दुपारपर्यंत एकसष्ट खुणा झाल्या. नाजिहाने कागदाची घडी घातली. पण मन्नुबिया थांबली नाही. बाब जबलीच्या वेशीकडच्या, पुढे बंद होणाऱ्या बोळात शिरली, निळ्या दारावर थाप मारली, आणि दार उघडताच एका दमात म्हणाली, "बेया, तुझ्या रशीदाकडून सलाम. तिच्या पोरीची मेंदी गुरुवारी. तू नाही आलीस तर मेंदी रंगायची नाही, असं सांगितलंय तिने."

आत हातोड्या थांबल्या. मांडीवर बूट घेतलेले चार पुरुष तिच्याकडे बघत राहिले. खळीचा वास भरून राहिला होता. घरं सोडून लोक तटाबाहेर राहायला गेले आणि त्या घरांत असे बुटांचे कारखाने आले, हे काय तिला माहीत नव्हतं? बेया म्हणजे रशीदाची मावशी. आईमागे तिनेच रशीदाला वाढवलं होतं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटच्या आंघोळीचं पाणी मन्नुबियानेच ओतलं होतं तिच्या अंगावर. सगळं एकदम आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यांत वयस्क कारागीर, शेदली, उठला. त्याने छातीवर हात ठेवला आणि वडीलधारीला हाक मारावी तसा म्हणाला, "आमचं भाग्य, लल्ला. माझ्या बायकोला सांगतो. येईल ती."

बाहेर आल्यावर मन्नुबिया भिंतीला टेकली. "सांग तुझ्या आईला. मी काही म्हणणार नाही."

"काय सांगू? यादीत एकसष्ट होती, आपण बासष्ट केली. राहिलं तर एकही नाही."

"शाळेत पोरांना हेच गणित शिकवतेस?"

"पोरं तुझ्याएवढी चालत नाहीत," नाजिहा म्हणाली, आणि घरी जाऊन तिने खरंच एवढंच सांगितलं.

गुरुवारी मन्नुबिया रिवाजाप्रमाणे दाराशी उभी राहून एकेकीला आत घेत होती. जीव थाऱ्यावर नव्हता. आणि व्हायचं तेच झालं. एक अनोळखी, ठसठशीत बाई दोन मुलींना घेऊन आली, हातात बदामाच्या वड्यांचं ताट. "मी शेदलीची बायको. आमच्या कारखान्यात बोलावणं आलं होतं."

रशीदाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कारखान्यात? कुणी केलं?"

नाजिहा तोंड उघडणार, तेवढ्यात मन्नुबियाच म्हणाली, "मी केलं. बेयाच्या दारात गेले होते. ती आहे असंच वाटलं मला. पोरीला बोल लावू नकोस. डोकं माझंच गेलंय."

 रशीदा तिच्याकडे वळली.

"तिलाच बोलवायला गेली होतीस?"

"तिलाच."

रशीदाने बाहीने डोळे पुसले. त्या बाईच्या हातातलं ताट स्वतः घेतलं आणि तिला, तिच्या मुलींना नवरीच्या शेजारी नेऊन बसवलं. मग परत दाराशी आली.

"मावशी गेल्यावर थोरलीचं लग्न झालं, मुलाचं झालं. दोन्ही वेळा तिच्या दारात कुणी गेलं नाही गं. माझ्यासुद्धा मनात आलं नाही. धाकटीच्या वेळी सुरुवातच तिथून कर."