पपई आणि प्लायवूड

आमच्या घरात दूध फार वेळा उतू जायला यायचं. टीव्हीवर मॅच चालू असायची, ओव्हर संपायची, कंडोमची जाहिरात लागायची आणि आई लगबगीने उठायची. "दूध उतू जाईल," म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. बाबा पेपर उघडायचे, जो त्यांनी सकाळीच पाठ केलेला असायचा. भाऊ रिमोट शोधायचा, जो त्याच्या हातातच असायचा. जाहिरात बघायची ती मी एकटीच, कारण गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एका वेळी तिघांनाच लाजता येईल इतकी जागा होती.

आम्ही पाठारे प्रभू. मुंबईत आमच्याइतकं जुनं कोणी नाही, हे आमच्यातला प्रत्येक जण ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मासळीबद्दल मात्र आमच्याकडे इतकं मोकळेपणाने बोलतात की परक्याला संकोच वाटावा. गाबोळी म्हणजे माशाची अंडी, ती त्याच्या पोटात कुठे असते, कधी भरते, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. माशांचं सगळं ठाऊक आणि माणसांचं काही नाही, अशा अवस्थेत मी वाढले. पहिली पाळी आली तेव्हा आईने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट हातात दिलं आणि म्हणाली, आता जपून राहायचं. कशापासून जपायचं, ते गुलदस्त्यातच राहिलं. मी पुढचं वर्षभर रस्ता ओलांडताना जास्त काळजी घेतली.

शाळेत तरी काही कळेल असं वाटलं होतं. नववीत तो धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं, हा भाग घरी वाचा म्हणाल्या आणि जास्वंदीचं फूल पुन्हा एकदा शिकवलं. जास्वंदीचं मला आजही सगळं पाठ आहे. एखाद्या जास्वंदीने येऊन सल्ला विचारला असता तर मी तिला नीट मार्गी लावलं असतं.

राहता राहिलं इंटरनेट आणि मैत्रिणी. इंटरनेटवर काहीही शोधलं की शेवटी कॅन्सर निघायचा. मैत्रिणींमध्ये लालबागची एक मैत्रीण आमची तज्ज्ञ होती. तिची पात्रता एवढीच की तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं होतं आणि चाळीत त्यांच्या खोलीची भिंत पातळ होती.

तेविसाव्या वर्षी मी परळच्या एका ऑफिसात नोकरीला लागले आणि त्याच सुमारास दादरच्या एका मुलाच्या प्रेमात पडले. मुलगा चांगला होता. वाद घालायला, सिग्नल तोडायला, माझ्या बॉसला शिव्या द्यायला कधी घाबरायचा नाही. फक्त निरोध आणायला केमिस्टच्या दुकानात शिरायचं म्हटलं की तो फूटपाथ बदलायचा. दादरमध्ये सगळे ओळखतात, म्हणून हा शूरवीर शीवला जायचा आणि तिथेही दुकानात गर्दी असली तर हात हलवत परत यायचा. मग त्याने एक सोपा मार्ग शोधून काढला. नंतर ती बहात्तर तासांवाली गोळी घ्यायची, बस्स. ती मागायला म्हणे तेवढी लाज वाटत नाही. एकाच महिन्यात ती गोळी मी दोनदा घेतली. त्याने काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

झालं असं, की पाळी आलीच नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता दोन आठवडे उलटले. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे पाठ करून चहा प्यायला लागले. नोकरी नवी, त्या मुलाशी लग्न करायचं की नाही याचा पत्ता नाही, आणि मूल हा शब्द तर मी स्वतःसाठीच वापरत होते. किट आणून घरीच बघ, असं इंटरनेट सांगत होतं. पण आमच्या गल्लीतला केमिस्ट गणपतीच्या मंडळात बाबांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. मी लालबागच्या तज्ज्ञांना फोन लावला.

"टेन्शन नको घेऊ यार," ती म्हणाली. "पपई खा. गरम असते ती. ताईच्या नणंदेची अशीच आली होती."

आता पपई मला जन्मापासून आवडत नाही. तिचा वास आला तरी मला मळमळतं, आणि त्या दिवसांत मळमळ हा काही चांगला शकुन नव्हता. तरी मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून पपई आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणली. रोज ऑफिसातून आल्यावर ओट्याशी उभी राहून नाक दाबून खात होते. तिसऱ्या दिवशी आईने बघितलं.

"तू आणि पपई?" तिने विचारलं.

स्किनसाठी चांगली असते, मी म्हटलं. ती माझ्या हातातल्या फोडीकडे बघत राहिली आणि मग डाळ निवडायला लागली. पपईचा बेत आपण फार गुप्तपणे पार पाडतोय अशी माझी समजूत होती. शनिवारी सकाळी आई म्हणाली, तुझं तोंड अगदी उतरलंय, चल, डॉक्टरांना दाखवून येऊ.

आमच्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि तिच्या मधोमध उभी केलेली प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचणारी. अलीकडे पेशंटांची बाकं, पलीकडे डॉक्टर. डॉक्टरांना ऐकू कमी येतं, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ते ओरडून विचारायचे आणि पेशंट ओरडून सांगायचा. कोणाची शुगर वाढली, कोणाला मूळव्याध झाली, हे बाहेर बसल्या बसल्या अख्ख्या गल्लीला कळायचं. त्या शनिवारी बाकं गच्च भरली होती, आणि त्यातले निम्मे लोक मला फ्रॉकपासून ओळखत होते.

आत गेल्यावर आईने सांगितलं, हिला अशक्तपणा वाटतो. डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

बाहेर कोणीतरी खोकत होतं, ते थांबलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी वजनकाट्याकडे बघितलं. मग आई उठली.

"मी गॅसवर दूध ठेवून आलेय बहुतेक," ती म्हणाली, आणि पर्स उचलून बाहेर गेली.

दूध मी स्वतः सकाळी तापवून झाकून ठेवलं होतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. इथेही पळाली. आयुष्यभर पळाली ती पळाली, पण आज तरी थांबायचं. डॉक्टर म्हणाले, बोल. मी हळू आवाजात सुरुवात केली. ते म्हणाले, मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही.

आणि तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडून आईचा आवाज आला, भाषण करावं तसा.

"घोळीच्या भुजण्यात कांदा घालणारी माणसं मला कळतच नाहीत."

माझी आई दवाखान्यात पर्स मांडीवर घेऊन गप्प बसणारी बाई. अनोळखी माणसाला ती वेळसुद्धा विचारत नाही. पण माशाच्या कालवणाबद्दलचं ते वाक्य बाकावरच्या कुठल्याशा काकांना भलतंच लागलं. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कांदा घालतात, असं त्यांनी तावातावाने सांगितलं. आई म्हणाली, म्हणूनच घोळीची चव लागत नसणार. एका मालवणी काकूंनी मध्येच मसाल्यातल्या तिरफळांचा विषय काढला. कोणीतरी वरळी कोळीवाड्यातल्या आपल्या खास कोळणीचा दाखला दिला. कंपाउंडर सगळ्यांना गप्प बसायला सांगत होता, तर आईने त्यालाच विचारलं की तुमच्याकडे कसं करतात, आणि तोही सांगायला लागला.

आई काय करतेय ते मला तेव्हा कळलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या गदारोळात डॉक्टरांना सगळं ओरडून सांगितलं. मुलगा, दादर, शीव, दोन गोळ्या. डॉक्टर ओरडूनच विचारत होते, काय वापरलं होतं, कधी, कितीदा. जरा बाहेरचा आवाज खाली यायला लागला, की आई नवी काडी टाकायची. एकदा तर ती म्हणाली की पापलेट हा मासाच उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय. त्यावर पाचेक मिनिटं सगळे फक्त भांडत होते.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून किट काढून दिलं आणि मागच्या बाथरूमकडे बोट दाखवलं. नंतर आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत बसलो, ती दोन-चार मिनिटं मी विसरणार नाही. एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेले नव्हते.

मग डॉक्टरांनी मला समजावलं. एका महिन्यात दोनदा घेतली की ही गोळी पाळीचं वेळापत्रकच बिघडवू शकते, म्हणून लांबली असेल. आठवड्यात आली नाही तर पुन्हा बघायचं. गोळी चुकून काही झालं तर घ्यायची असते, सवय म्हणून नाही. निरोध दरवेळी, आणि तो दुकानात मागताना ज्याला लाज वाटते त्याला पुढचं काही मागायचा हक्क नाही. नेहमीसाठी दुसरे उपाय आहेत, ते लेडी डॉक्टरला विचार. फक्त दिवस जाण्याचीच भीती नसते, आजारही लागतात, तेव्हा दोघांनी तपासून घ्या. त्यालाही घेऊन ये, म्हणाले, मी चावत नाही. शाळा, घर आणि इंटरनेट या तिघांनी मिळून जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी एका पेशंटच्या वेळात सांगून टाकलं. पपईबद्दल विचारलं तर म्हणाले, पोट साफ होईल.

मी बाहेर आले. माझ्याकडे कोणीही बघितलं नाही. सगळे आईकडे रागाने बघत होते. ती घामाने भिजली होती आणि तिचा आवाज बसला होता. "चल," ती म्हणाली, आणि कांद्याचा प्रश्न तसाच सोडून आम्ही निघालो.

कोपऱ्यावर फळवाल्याने मला बघितलं आणि रोजच्या गिऱ्हाइकासाठी एक पिकलेली पपई उचलून पुढे केली.

"नको," आई म्हणाली. "तिला आवडत नाही."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस."

"तू उठून जातेस," मी म्हटलं.

"जाते खरी. पण मी सांगणार तरी काय होते? मलाही पपईच माहीत होती." ती माझ्याकडे न बघता चालत होती. "लग्नाला चारच महिने झाले होते. बी.एड.ला नंबर लागला होता माझा. समोरच्या मामी म्हणाल्या, पपई खा, कोणाला कळणार नाही. महिनाभर खाल्ली मी."

आईचं बी.एड. राहिलं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. संसारामुळे राहिलं, असं ती सांगायची. मला एकदम फार वाईट वाटलं आणि मी तिचा हात धरला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तू झालीस," आई म्हणाली. "तेव्हापासून माझा पपईवर विश्वास नाही."

मला पपई जन्मापासून का आवडत नाही, ते मला असं भर रस्त्यात कळलं.