क्लचबाईंनी टायर बदलले

क्लचबाईंना आवाज चढवताना कुणी ऐकलेलं नाही. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडावी, मागून हॉर्नचा कल्लोळ उठावा, आणि या शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून म्हणणार, "क्लच. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. क्लच." म्हणून हे नाव पडलं. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना एक फेरी मारून "तुम्ही रिक्षानेच फिरा" असं हसतमुखाने सांगितलं.

असली शांत माणसं सूड घ्यायला निघाली की बघण्यासारखं असतं. रागीट माणूस दोन भांडी आपटतो, चार शिव्या देतो आणि जेवून झोपतो. शांत माणूस सूड मुरत घालतो.

त्यांचा नवरा दातांचा डॉक्टर. सगळ्या गावाने कधी ना कधी त्याच्यापुढे आ वासलेला, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला जो तो बिचकतो. माझं तसं नाही, माझे सगळे दात काढून झालेत. तर डॉक्टर तसा वाईट नव्हता, पण त्याला एक खोड होती. दुसऱ्याकडे जे असेल ते याच्याकडे त्याहून वरचं हवं. शेजाऱ्याने फ्रिज आणला की याच्याकडे दोन दारांचा. मेहुण्याने कुत्रा पाळला की याने वासराएवढा आणला, आणि तो रोज फिरवला क्लचबाईंनी. एका मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हा आठवडाभर आपले दोन्ही गुडघे चोळत बसला होता.

मग त्याने स्पोर्ट्स कार घेतली. लाल, बुटकी, दोन सीटची, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद. घेताना कर वाचवायला बायकोच्या नावावर घेतली. बायकोने सही करायची आणि गाडी त्याने चालवायची, अशी ती वाटणी. क्लचबाई दिवसभर दुसऱ्यांना गाडी शिकवायच्या आणि घरच्या गाडीत शेजारी बसायच्या.

गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीची टेकडी आहे. गाडीवेड्यांचं एक मंडळ दर वर्षी थंडी सुरू झाली की एका रविवारी सकाळी त्या रस्त्यावर शर्यत लावतं. एकेकाने पायथ्यापासून वर सुटायचं, वर एक जण घड्याळ घेऊन उभा. सर्वांत कमी वेळ ज्याला, तो जिंकला. मंडळाच्या दोन रीती आहेत, त्या आधी सांगून ठेवतो. आदल्या वर्षी जिंकलेल्याला मान म्हणून पहिली फेरी. आणि वर खाणीच्या फाटकावर एक पत्रा ठोकलाय, त्यावर नव्या विजेत्याचं नाव रंगवायचं ते जुन्या विजेत्याने, स्वतःच्या हाताने. डॉक्टर वर्षानुवर्षं जिंकत आलेला, त्यामुळे पत्र्यावर स्वतःच स्वतःचं नाव लिहीत सुटला होता. एका खाली एक, जशी काही शिक्षाच लावली होती मास्तरांनी.

एका वर्षी मंडळाने बायकांची फेरी ठेवली. डॉक्टरने गाडीला नवेकोरे टायर घातले होते. बायकोला बजावलं, नवं रबर निसरडं असतं, त्याचा वरचा तुळतुळीतपणा झिजेपर्यंत जोर लावायचा नाही, अगदी हळू ये. खरंच आहे ते. क्लचबाईंनी ऐकलं, हळू आल्या. आणि वर हा लाउडस्पीकर हातात घेऊन सगळ्यांना सांगत होता, "आमची ही येईपर्यंत चहा उकळून घ्या, बिस्किटंही भाजून घ्या." सगळं मंडळ खो-खो हसलं. त्यात त्यांचे विद्यार्थीही होते. क्लचबाई गाडीतून उतरल्या, चहा घेतला, कप विसळून ठेवला.

पुढे दवाखान्यात एक्स-रे मशीन विकायला एक बाई आली. मशीन दवाखान्यात राहिलं आणि डॉक्टर त्या बाईच्या फ्लॅटवर राहायला गेला. रीतसर फारकत झाली. गंमत म्हणजे त्याची आई सुनेकडेच राहिली. लोकांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "मी त्याला जन्म दिलाय, त्याची बाजू घ्यायचा करार नाही केलेला. आणि तिकडचं स्वयंपाकघर इतकं पांढरं आहे की चहा करायला हात धजत नाही."

गाडी अर्थातच क्लचबाईंकडे राहिली. कागदावर त्यांचंच नाव. डॉक्टरने नवी चंदेरी गाडी घेतली, लालपेक्षा वरच्या मॉडेलची, पण लाल गाडीतला त्याचा जीव काही सुटेना. दारात येऊन म्हणाला, "तू काय करणार तिचं? भाजी आणणार? कुलपात कुजेल ती." आणि हेच वाक्य मंडळातही जाऊन सांगितलं, वर पदरचा मीठमसाला लावून.

त्या दिवशी जेवताना क्लचबाई सासूला म्हणाल्या, "आई, त्या पत्र्यावर माझं नाव लागलं पाहिजे. आणि ते त्यांनीच लिहायला हवं."

सासूने ताटातून मान वर केली नाही. "मग टायर आधी बघ. त्याचं सगळं टायरवर असायचं."

बरोबर बोलली म्हातारी. लाल गाडीच्या टायरांवरच्या खाचा दिसायला खोल होत्या, पण उभं राहून राहून रबर वाळलेलं, कडेला बारीक चिरा गेलेल्या. नवे घ्यायलाच हवे होते. आणि गावात असले टायर मिळायचे ते एकाच दुकानात. दुकानवाला डॉक्टरचा लहानपणापासूनचा मित्र. क्लचबाई त्याला भाऊजी म्हणायच्या. जन्मभर टायरांत हवा टिकवायचं काम केलेला हा माणूस, पण त्याच्या पोटात गोष्ट टिकायची नाही. तुम्ही त्याच्या दुकानात शिंकलात तर घरी पोचेपर्यंत बायको काढा करून तयार.

क्लचबाई सकाळच्या शिकवण्या उरकून तिथे गेल्या, स्टुलावर बसल्या आणि चौकशी सुरू केली. भाऊजीने तीन प्रकार समोर मांडले. एक, आरामाचे: आवाज कमी, झीज कमी, आणि जोरही कमी. दुसरे, रस्त्यावरचे वेगाचे: रबर मऊ, पण खाचा भरपूर, ओल्यातही पकड सोडत नाहीत. तिसरे, ट्रॅकचे: जवळजवळ गुळगुळीत, खाचा नावाला. तापले की डिंकासारखे चिकटतात, असं सांगताना भाऊजीचे डोळे चमकले. क्लचबाईंनी पहिल्या दोहोंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ट्रॅकच्या टायरवरून हात फिरवला, मागचे कुठल्या मापाचे, पुढचे कुठल्या, मागवायला किती दिवस, असं सगळं विचारत बसल्या. उठताना आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्या-माझ्यात हं. यांना कळायला नको."

भाऊजीने गळ्याची शपथ घेतली. दुपारच्या जेवणाआधी डॉक्टरला कळलं होतं.

आता पुढचं काही क्लचबाईंना करावं लागलं नाही, खोडीनेच केलं. बायको ट्रॅकचे टायर घालणार म्हटल्यावर याला त्याहून गुळगुळीत, त्याहून चिकट हवे झाले. दुकानात जे नव्हते ते परदेशातून मागवले. आले त्याच दिवशी चंदेरी गाडीवर चढवले आणि गाडी तीनदा बाजारातून फिरवली. रबराला खडे चिकटून टकटक वाजत होते, तरी याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

टकटक क्लचबाईंनी ऐकली आणि दुकानाकडे वळल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते दुसरे द्या. खाचावाले."

भाऊजी बघतच राहिला. "वहिनी, मग त्या दिवशी ते सगळं?"

"चौकशी करत होते. सकाळी त्या टेकडीवरच्या झाडीत ऊन कुठे असतं? वरची वळणं दवाने ओली असतात, आणि चढ एवढासा, टायर तापायच्या आत संपतो. थंड असताना तुमचा डिंक म्हणजे साबण."

भाऊजीचा चेहरा पडला. पहिली फेरी कोणाची, हेही त्याला आठवलं असणार. "अहो, पण त्याला काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही. घाबरट माणूस आहे. गाडी एवढीशी सरकली की पुढचा सगळा रस्ता ब्रेकवर पाय ठेवून येतो. इतकी वर्षं शेजारी बसले आहे मी, उगाच नाही." मग पैसे मोजत म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल तर सांगा त्यांना. जा, सांगा."

आता भाऊजी कात्रीत सापडला. सांगावं तर डॉक्टर टायर परत करायला दारात उभा राहणार. बाजारातून फिरवून आणलेले, त्या मापाची दुसरी गाडी पंचक्रोशीत नाही. न सांगावं तर मित्र जाणार ओल्या रस्त्यावर. त्याने एक दिवस विचार केला, दोन दिवस केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली. दुकानात गप्प, घरी गप्प. बायकोला वाटलं याला काहीतरी मोठं दुखणं लागलंय, तिने सगळ्या तपासण्या करवल्या.

इकडे नवे टायर चढले, पण नवं रबर घासून घ्यायला हवं होतं. क्लचबाईंनी सासूला गुडघेवाल्या डॉक्टरकडे न्यायला सुरुवात केली, लाल गाडीतून. आधी जवळच्या, मग लांबच्या, मग त्याहून लांबच्या. म्हातारी बुटक्या सीटमध्ये एकदा बसली की दोघांनी ओढल्याशिवाय बाहेर निघायची नाही. पण हौस भारी. एका वळणावर म्हणाली, "अगं, अजून जरा जोरात घे. त्याच्या बापानेसुद्धा मला कधी एवढ्या जोरात नेलं नाही."

रविवार उजाडला. वर फाटकापाशी मंडळ जमलं, नवा रंगाचा डबा आला, ब्रश आला. भाऊजीने म्हातारीला आपल्या गाडीतून वर आणून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्या मागे उभा राहिला, दृष्टीआड. क्लचबाई पायथ्याशी पोचल्या त्या डॉक्टरचं नाव पुकारल्यावरच. चंदेरी गाडी सुटली होती, मागे वळून लाल गाडीच्या चाकांकडे बघायला कुणाला सवड होती?

खालची दोन वळणं उन्हात होती, तिथपर्यंत आवाज छान चढला. मग झाडी लागली. वरून आम्हाला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. एक लांबलचक चर्रर्र झालं. भाऊजीने म्हातारीच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग आवाज एकदम उतरला, आणि तो उतरला तो पुन्हा चढलाच नाही. बऱ्याच वेळाने चंदेरी गाडी झाडीतून बाहेर आली, अशी की हिच्यात कुणी शिकाऊ बसलंय की काय असं वाटावं. डॉक्टर उतरला, टायरांना लाथ मारली, म्हणाला रस्ता खराब आहे, आज सगळ्यांनाच जास्त वेळ लागणार. घड्याळवाल्याने आकडा वाचला, हळूच वाचला.

लाल गाडी आली ती न अडखळता. झाडीतही तिचा सूर एका रेषेत होता. क्लचबाई कुठे घाईत नव्हत्या, तेवढंच सांगतो. मागून आलेल्या बाकीच्यांत कुणीही त्यांच्या आकड्याच्या जवळ गेलं नाही, आणि सगळ्यांत शेवटचा आकडा कुणाचा होता ते मी लिहीत नाही. त्याच्याकडे अजून माझ्या बायकोची कवळी आहे.

डॉक्टरने सगळं बाजूला ठेवून आधी काय केलं असेल? लाल गाडीमागे उकिडवा बसला आणि टायर बघितले. खाचांत बोट घालून बघितलं.

"कुठून घेतलेस हे?"

"भाऊजींकडून."

डॉक्टरने खुर्चीकडे पाहिलं. भाऊजीला तेवढ्यात समोरच्या डोंगरावर काहीतरी फार बघण्यासारखं सापडलं.

"त्याने मला सांगितलं तू ट्रॅकचे घेणार."

"सांगू नका म्हटलं होतं मी त्यांना," क्लचबाई म्हणाल्या. मग रंगाचा डबा उचलला, झाकण काढलं, ब्रश आत बुडवला, काठावर निथळवला आणि त्याच्या हातात दिला. लग्नापासून ज्या बाईने नवऱ्याला अहो-जाहोशिवाय हाक मारली नाही, ती म्हणाली, "घे. लिही."

डॉक्टर पत्र्यापुढे उभा राहिला. त्याच्या नावांची ती उतरंड आणि खाली रिकामी जागा. ब्रशावरचा रंग त्याच्या बुटावर ठिबकला. शेवटी मागे न बघता विचारलं, "आडनाव कुठलं घालू?"

"कुठलंच नको. नुसतं नाव. ते ठाऊक आहे ना?"

सगळ्या बैठकांत जिची ओळख 'आमची ही' अशी करून दिली, तिचं नाव त्याने लिहायला घेतलं. आखडत, बारीक, पत्र्याच्या कोपऱ्यात.

म्हातारी खुर्चीतून पुढे वाकली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "मोठं काढ रे अक्षर. मला इथून वाचता आलं पाहिजे."