खालची पायरी

वैशालीचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत बसले होते. नुसतं "आई…" म्हणाली माझी लेक. समू गेली हे त्या एका हाकेतच कळलं. आता महिना होत आला, सुपातली तूर तशीच आहे बघा… हात जात नाही.

समू म्हणजे समृद्धी, माझी नात, वैशालीची एकुलती एक. राहायची खामगावला, पण शाळेला सुट्टी लागली की इथं खेड्यात माझ्यापाशी. तोंड म्हणून बंद नसायचं तिचं. पहिलीत होती तेव्हा एक खोड लागली. बोलताना आपल्याकडे पाहायचीच नाही, डोक्यावरून कुठंतरी आढ्याकडे बघून बोलायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरगी उर्मट आहे. वैशाली तर तिची हनुवटी धरून तोंड खाली ओढायची. "इकडे पाह्य! माह्याशी बोलून राह्यली का छपराशी?" समू काय कमी? म्हणायची, "छप्पर बोंबलत नाही वो!"

एकदा ओट्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या, भुईमुगाच्या शेंगा फोडत. समोरच्या निंबाच्या शेंड्याकडे बघत पोरगी म्हणते, "आजी, फोडता फोडता खाऊन राह्यली ना तू?"

"अवं, तू तं झाडाकडे पाहून राह्यली. तुले मी कशी दिसली?"

"वर पाह्यलं का खाली तू दिसते. सामोर पाह्यलं का निंघून जाते."

शेंगा तशाच टाकून मी वैशालीला फोन लावला.

मग अकोला झालं, नागपूर झालं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत पडदा असतो, त्याचा मधला भाग आधी जातो, कडेकडेनं काही दिवस दिसत राहतं. आजार जन्माचाच, आईबाप दोघांकडून आलेला, फार थोड्या लेकरांना होणारा. नजर पूर्ण जाईल, मग झटके, मग चालणं, बोलणं… औषध नाही. वैशालीनं एकच विचारलं, "मंग मी तिले 'इकडे पाह्य' म्हणत होती, तेव्हा?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा तुम्ही तिला दिसत नव्हता."

त्या दिवसापासून वैशाली खाली बसायला लागली. समू खाटेवर, ही जमिनीवर. समू ओट्यावर, ही खालच्या पायरीवर, तोंड वर करून. "दिसली का वो?" "दिसली. केस नाही इचरले तू!" अशा दोघी हसायच्या. नजर होती तोवर लेकीनं आपलं तोंड पाहून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. पुढं एका संध्याकाळी समूनं आढ्याकडे बघत म्हटलं, "आई, खाली येऊन बस ना."

वैशाली खालीच बसली होती.

त्यानंतरचं मला लिहवत नाही. झटके आले, पाय गेले, ती बडबडही गेली. वैशाली मात्र शेवटपर्यंत खाटेपाशी खाली बसूनच तिच्याशी बोलायची. मी म्हणायचे, "वर बस वो, कंबर धरन तुही." म्हणायची, "राहू दे आई."

परवा ती माहेरी आली. वरच्या पायरीवर बसली, मी गुडघे धरत खालच्या पायरीवर टेकले. "आई, वर ये ना, गुडघे दुखतीन," म्हणाली.

"राहू दे."

मग बराच वेळ बोलत राहिली, समूचंच सगळं. नजर माझ्या डोक्यावरून, निंबाच्या शेंड्याकडे… मी काही तिला इकडे पाह्य म्हटलं नाही.